तारेचं दुसरं टोक

तार हातात होती आणि दिवा हिरवाच होता. झालं होतं ते एवढंच. संगणकात बसवलेल्या कार्डाच्या कडेला धूळ साचली होती, गुरुवारी पाहुणे प्रयोगशाळा बघायला येणार तेव्हा ती दिसायला नको, म्हणून त्यानं बुटाच्या नाडीएवढी ती पिवळी काचेची तार हळूच ओढून काढली, कडेवरून मऊ ब्रश फिरवला आणि सवयीनं दिव्याकडे पाहिलं. त्या दिव्याचं काम अख्ख्या प्रयोगशाळेत सगळ्यात सोपं. तारेच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी आहे असं कार्डाला कळलं की पेटायचं, नाही कळलं की विझायचं. तार काढली की तो विझतो, विझायलाच हवा, त्यात वादाला जागाच नाही. पण तार त्याच्या चिमटीत लोंबत होती आणि दिवा पापणीही न लववता त्याच्याकडे बघत होता. त्यानं आजूबाजूला पाहिलं. सकाळची वेळ, प्रयोगशाळा अजून भरायची होती, कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं तार पुन्हा खोचली. हिरवा. पुन्हा काढली. हिरवा. मग दुसऱ्याच्या खिशात हात घातलेला असताना पकडलं जावं तशा घाईनं त्यानं ती जागेवर लावली आणि तो खुर्चीत बसला.

इतकं घाबरावं असं खरं तर काही नव्हतं. यंत्रांनी त्याला आजवर कमी फसवलं नव्हतं. आणि हे कार्ड तर आल्या दिवसापासून नाटकं करत होतं. आधी संगणकाच्या पेटीत नीट बसेना, बसलं तर संगणकाला दिसेना, दिसलं तर त्याच्या घड्याळाचा ठोका जुळेना. दोन वितींचं कार्ड, मधोमध एक चौकोनी चिप आणि तिच्यावर घोंघावणारा पंखा. ही चिप जन्मतः काहीच नसते, कोरी पाटी. आपण जी मांडणी तिच्यात भरू ते यंत्र ती होते, आणि वीज गेली की सगळं विसरून पुन्हा कोरी. त्यानं भरलेल्या मांडणीचं काम एकच: इथून प्रचंड वेगानं आकडे तारेत सोडायचे, तळघरातल्या दुसऱ्या यंत्राकडून येणारे झेलायचे, आणि कुठे काही चुकलं तर ते मोजायचं. शुक्रवारी संध्याकाळी दिवा पहिल्यांदा हिरवा झाला. शनिवार-रविवार कार्ड अखंड बोलत राहिलं. सोमवारी, म्हणजे काल, त्यानं चुकांचा आकडा पाहिला तर शून्य, आणि छाती काढून त्यानं प्रमुखबाईंना सांगितलं की लिंक लागली, दोन दिवस चालली, एकही चूक नाही. बाईंनी ते वरच्यांना सांगितलं आणि वरच्यांनी पाहुण्यांना. आता दिवा का विझत नाही ते कळायला त्याला क्षणभरही लागला नाही. असल्या कार्डाच्या पोटात एक सोय असते, तिला लूपबॅक म्हणतात. कार्डाचं तोंड आतल्या आत त्याच्याच कानाला जोडून द्यायचं. तार खराब आहे की कार्डच खराब आहे हे बघायचं असलं की ती लावतात. कार्ड जे बोलतं ते बाहेर न जाता वळून त्याच्याच कानात येतं आणि त्याला वाटतं, पलीकडून कुणीतरी उत्तर दिलं. चाचणी झाली की ती सोय काढून टाकायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कुणीतरी ती काढलीच नव्हती. शुक्रवारपासून कार्ड स्वतःशीच बोलत होतं आणि एकही चूक सापडत नव्हती, कारण चूक काढायला पलीकडे कुणी नव्हतंच.

पण भीती त्याची नव्हती. बाई फार तर भुवया चढवतील, हसतील, म्हणतील काढा आणि पुन्हा लावा. भीती दुसरीच होती आणि ती आली तीही अशी की त्याला आधी कळलंच नाही ती कशाची आहे. त्या हिरव्या ठिपक्याकडे बघताना त्याच्या कानात एकदम वडिलांचा आवाज आला. जेवलो. घेतली. काही नाही. रोज दुपारी, डबा खाऊन झाला की तो घरी फोन लावायचा. बाबा, जेवलात? जेवलो. गोळी घेतली? घेतली. काही त्रास नाही ना? काही नाही. मग तो म्हणायचा, बरं, ठेवतो, आणि बाबा म्हणायचे, ठेव. कित्येक महिन्यांत ह्याहून वेगळा शब्द त्या फोनवर निघाला नव्हता, आणि आज पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की त्यातला एकही शब्द बाबांचा नव्हता. प्रश्नातच उत्तर भरून तो पाठवत होता आणि तेच वळून त्याच्या कानात येत होतं. इतकं स्वच्छ, इतकं बिनचूक.

बापलेक एकाच घरात राहत होते, म्हणजे हा काही परदेशात असलेला मुलगा नव्हे. पण घर एक असलं म्हणून काय झालं. सकाळी तो निघायचा तेव्हा बाबा बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत असायचे, त्यांची पाठ तेवढी दिसायची. रात्री तो परतायचा तेव्हा त्यांच्या खोलीचा दिवा मालवलेला असायचा आणि टेबलावर झाकलेलं ताट. रविवारी बाबा वर्तमानपत्रामागे आणि हा संगणकामागे. आई गेल्यावर घरातलं बोलणंच जणू ती बरोबर घेऊन गेली होती. ताई, म्हणजे त्याची मोठी बहीण, दुसऱ्या शहरात राहायची आणि फोनवर एकच धोशा लावायची: बाबांचं वय झालं, दिवसभर घरात एकटे असतात, एक चांगला वृद्धाश्रम पाहून ठेवलाय, बाग आहे, डॉक्टर आहे. ह्या शनिवारी ती तेवढ्यासाठीच येणार होती. बाबांनी एकदाच, आणि फार हळू, सांगितलं होतं की मला ह्या घरातून हलवू नका. मग त्यानं ताईला शब्द दिला होता. बाबा ठणठणीत आहेत, डोकं माझ्याहून तल्लख आहे, मी रोज बोलतो त्यांच्याशी. रोज बोलतो. हे म्हणताना त्याला कोण अभिमान वाटला होता. आता तोच शब्द घशात अडकलेल्या काट्यासारखा टोचत होता. तो खरा निघाला नाही तर शनिवारी ताई बाबांची बॅग भरणार, आणि बाबा एक अक्षर न बोलता तिच्या मागून जिना उतरणार. त्याला ते दृश्य अगदी समोर दिसलं, आणि बाबांनी चपला उलट्या घातल्या होत्या.

एकदा मनात पाल चुकचुकली की मग काय, जुनं जुनं सगळं बाहेर यायला लागतं. घराची किल्ली. मागच्या महिन्यात ती त्याला फ्रिजमध्ये सापडली होती, लोण्याच्या खणात, गारठलेली. त्यानं काही न बोलता ती खुंटीला लावली होती. त्यानंतरही एकदा तसंच. दूध ओट्यावर राहून नासलं होतं. न्हाणीघरातला नळ एका सकाळी चालूच होता. तेव्हा त्यानं मनाची समजूत घातली होती की म्हातारपणी असं होतं. पण आईचंही असंच सुरू झालं होतं ना. आई शाळेत गणित शिकवायची, पन्नाशीलासुद्धा पोचली नव्हती. आधी चष्मा तांदळाच्या डब्यात, मग पाकीट चपलांच्या कपाटात. आणि विचारलं की इतकं सफाईनं म्हणायची, हो हो, आठवलं, मीच ठेवलं. तिला काही आठवलेलं नसायचं. पण ती ते अशा काही चेहऱ्यानं म्हणायची की दोन वर्षं घरातल्या कुणाला पत्ता लागला नाही. पुढे डॉक्टरांनी विचारलं होतं, ह्यांच्या माहेरी आणखी कुणाला होतं का, आणि ताईनं आणि त्यानं एकमेकांकडे पाहिलं होतं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली होती. ते पाहणं त्याला आज का आठवावं कुणास ठाऊक. त्यानं मान झटकली आणि माऊसवर हात ठेवला.

तेवढ्यात कानटोपी आला. ह्याचं खरं नाव प्रयोगशाळेत कुणी घेत नसे. तिथल्या वातानुकूलनाशी त्याचं जन्माचं वैर, त्यामुळे भर उन्हाळ्यातही हा लोकरीची कानटोपी घालून बसणार. संगणकाच्या बाजूचा सगळा प्रोग्राम त्याचा. त्यानं कानटोपीला जवळ बोलावलं, तार काढून दाखवली, आणि आवाज शक्य तितका हलका ठेवत म्हणाला की लूपबॅक कुणीतरी तसाच ठेवलाय. कानटोपी आधी पोट धरून हसला. म्हणाला, तरीच. मी कालपासून म्हणतोय की एकही चूक कशी नाही. खरी तार असली की काही ना काही खरखर असतेच, थोड्या चुका होतात, कार्ड त्या सुधारून घेतं, पण होतात. बिनचूक म्हणजेच पलीकडे कुणी नाही. मग हसू ओसरलं आणि त्यानं जरा निरखून ह्याच्याकडे पाहिलं.

"कुणीतरी म्हणजे?" कानटोपी म्हणाला. "तूच लावलास की शुक्रवारी. मला सांगून लावलास. म्हणालास, आधी जरा ह्याला स्वतःशी बोलू दे. मी म्हटलंसुद्धा, काढायला विसरशील."

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी तो ह्याच खुर्चीत होता, हे नक्की. दिवा हिरवा झाला हे आठवत होतं. त्याच्या आधीचं काही आठवत नव्हतं. विसरलेली गोष्ट सांगितली की कुठेतरी हलते, जिभेच्या टोकावर येते, तसं काहीच होत नव्हतं. तिथे काही नव्हतंच. घर आहे म्हणून दार उघडावं आणि पलीकडे नुसती हवा असावी, असं झालं. कानटोपी उत्तराची वाट बघत होता.

"हो हो, आठवलं," तो म्हणाला. "मीच लावला."

आणि ते इतकं सफाईनं निघालं की कानटोपीनं मान डोलावली आणि तो चहा आणायला गेला. कामाचा ताण, तो स्वतःला म्हणाला. दोन आठवडे धड झोप नाही, असल्यात एखादी गोष्ट निसटते, कुणाचीही निसटते. खरा प्रश्न बाबांचा आहे. बाबांकडे लक्ष द्यायला हवं. ह्या वाक्याला त्यानं घट्ट धरून ठेवलं, आणि खरं सांगायचं तर त्याला त्यात बरंही वाटलं, कारण एका भीतीला धरून बसलं की दुसरीकडे बघावं लागत नाही.

तो तळघरात उतरला. तिथे दुसरं यंत्र होतं, उंच लोखंडी कपाटात, आणि प्रयोगशाळेतून भिंतींमधून, छतांमधून आलेली ती पिवळी तार त्याच्यापर्यंत पोचायला हवी होती. पोचली होतीही. कपाटाच्या बाजूला एका खिळ्याला वेटोळं घालून अडकवलेली होती, आणि तिच्या टोकावर धूळ जाऊ नये म्हणून घालतात ती रबराची बारकी टोपी अजून तशीच होती. यंत्र बंद होतं. त्याचं बटणसुद्धा कुणी दाबलं नव्हतं. त्या गार, ओल्या वासाच्या खोलीत तो एकटा उभा राहिला आणि शनिवार-रविवार वरती जे चाललं होतं ते त्याच्या डोळ्यांसमोर आलं. वरती कार्ड बोलतंय, ऐकू येतंय ना, येतंय, ऐकू येतंय ना, येतंय, आणि इथे खिळ्याला टांगलेलं हे टोपी घातलेलं टोक. त्याला एकदम ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी त्यानं टोपी काढून खिशात टाकली, टोक पुसलं, यंत्रात खोचलं आणि बटण दाबलं. पंखे सुरू झाले. वर जाताना जिन्यात त्याला दोनदा थांबावं लागलं.

बाईंना त्यानं सरळ जाऊन सांगितलं. जे व्हायचं तेच झालं. त्या चिडल्या नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या की गुरुवारपर्यंत वेळ आहे, करा पुन्हा, वरच्यांना मी बघते. तो दारापाशी पोचल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली. तुम्ही बरे आहात ना, त्यांनी विचारलं, मागच्या बैठकीतही तुम्ही तीच गोष्ट दोनदा मांडलीत, मी तेव्हा बोलले नाही. तो हसला आणि म्हणाला, बरा आहे. मग जागेवर येऊन त्यानं लूपबॅक काढला आणि दिवा, सकाळपासून पहिल्यांदा, विझला. पुढचे काही तास कसे गेले ते त्याला कळलं नाही. आधी तारेची दोन टोकं उलटी लागली होती, ती बदलली. मग तळघरातलं यंत्र वेगळ्याच वेगानं बोलत होतं, ते जुळवलं. कानटोपी खाली, हा वर, दोघं फोनवर. आणि मग दिवा एकदा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला आणि पेटला. पडद्यावर चुकांचा आकडा हलायला लागला. थोडाच, पण हलत होता. कानटोपी फोनवर म्हणाला, आता खरं बोलतंय बघ. आता एक मुद्दाम चूक घुसव, खालच्याला कळते का ते बघू. ही त्यांची नेहमीची पद्धत. पलीकडचा खरंच ऐकतोय का हे विचारून कळत नाही. जाणूनबुजून काहीतरी चुकीचं पाठवायचं आणि तो हरकत घेतो का ते बघायचं. त्यानं एक आकडा बिघडवून सोडला. खालून लगेच कानटोपीचा आवाज आला, पकडली. मस्त पकडली.

मस्त पकडली. फोन खाली ठेवता ठेवता त्याच्या डोक्यात ते आलं, आणि आलं ते असं की पुन्हा हाकलता येईना. दुपार उलटून चालली होती, घरी फोन करायची वेळ केव्हाच टळली होती. तो उठून बाहेरच्या बोळकांडीत गेला, खिडकीपाशी उभा राहिला आणि त्यानं नंबर लावला. तिसऱ्या घंटेला बाबांनी उचलला. बाबा, जेवलात? जेवलो. गोळी घेतली? घेतली. काही त्रास नाही ना? काही नाही. तोच आवाज, ना वर ना खाली. खिडकीच्या काचेवर त्याचा श्वास उमटत होता आणि पुसला जात होता. आता सोडायचा, बिघडवलेला आकडा. आईला जाऊन सात वर्षं होत आली होती. असला विचार मनात येणंही पाप आहे असं त्याला वाटलं, पण दुसरं काही इतकं ढळढळीत चुकीचं त्याला सुचेना. ह्यावर तर कुणीही हरकत घेईल. बाबा म्हणतील, अरे काय बोलतोस, शुद्धीवर आहेस का. चिडतील. देवा, चिडू देत.

"आणि आई जेवली?" त्यानं विचारलं.

पलीकडे शांतता. इतकी की त्याला फोन तुटला असं वाटलं. मग बाबांचा श्वास ऐकू आला.

"जेवली," बाबा म्हणाले. "झोपलीय आता."

बरं, ठेवतो, एवढंच कसंबसं त्याच्या तोंडून निघालं, आणि पलीकडून आलं, ठेव. खिडकीच्या चौकटीला धरून तो उभा राहिला. झोपलीय. नुसतं वळून आलेलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण बाबांनी त्यात स्वतःची भर घातली होती. म्हणजे तिकडे, त्या घरात, दुपारच्या वेळी, बाबांच्या लेखी आई आतल्या खोलीत झोपलेली होती. कदाचित रोज. कदाचित टेबलावर दोन ताटं मांडली जात असतील. तो सांगितलं-न सांगितलं असं करून निघाला, बॅग उचलली, धावतच पार्किंगमध्ये गेला. गाडी जागेवर नव्हती. त्यानं एक रांग पाहिली, दुसरी पाहिली, वरचा मजला पाहिला. गाडी चोरीला गेली, नेमकी आज, ह्या विचारानं त्याला रडू फुटायचं बाकी होतं. मग खिशात हात घातला तर बसचं तिकीट हाताला लागलं. सकाळी तो बसनं आला होता. घाईत असं होतं कुणाचंही, तो पुटपुटला, आणि बस पकडायला धावला.

बसमध्ये तो दारापाशीच उभा राहिला, बसायला जागा असूनही. आई आजारी असतानाच्या दुपारी त्याला आठवत होत्या. शेवटी शेवटी आई तिच्या आईबद्दल विचारायची. तिची आई म्हणजे ह्याची आजी, जाऊन जमाना झालेला. माझी आई आली का, तिला कुणी वाढलं का. तो तेव्हा तरुण होता, खरं ते खरं असा बाणा होता. तो सांगायचा, अगं आई, आजी गेली की. आणि दर वेळी तिला ते पहिल्यांदाच कळायचं. ती पहिल्यांदाच कळल्यासारखी रडायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, ह्यांना खोटं पाडू नका, म्हणतील त्याला हो म्हणा, तेवढाच त्यांना धीर. त्याला ते कधी जमलं नाही. बाबांना जमायचं. बाबा पलंगाच्या कडेला बसून तिला काहीतरी सांगायचे आणि ती शांत व्हायची. काय सांगायचे ते आठवेना. समोरच्या सीटवरच्या बाईनं त्याला विचारलं, बसायचंय का तुम्हाला, तेव्हा आपण मोठ्यानं बोलत होतो की काय, अशी त्याला शंका आली. शनिवारी ताईला काय सांगायचं? मी रोज बोलत होतो आणि मला कळलं नाही? तो एक थांबा पुढे उतरला आणि उलटा धावत आला.

दाराशी त्यानं किल्लीसाठी सगळे खिसे उलटेपालटे केले. नव्हती. फक्त ती रबराची बारकी टोपी होती. त्यानं घंटा दाबली, आणि बोट बटणावर ठेवून तो मनात म्हणत राहिला, उघडा, बाबा, उघडा. बाबांनी लगेच दार उघडलं, जणू दारामागेच उभे होते. दाढी केलेली, शर्टाची सगळी बटणं नीट लागलेली, चपला सरळ. त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून आत धावली. टेबल पुसलेलं. मोरीजवळ एकच ताट धुऊन उपडं घातलेलं. गॅस बंद. गोळ्यांच्या पाकिटातली आजची जागा रिकामी. आतल्या खोलीचं दार सताड उघडं आणि पलंग रिकामा, चादर ताणून घातलेली. इतक्या लवकर कसा आलास, असं बाबांनी विचारलं नाही. त्यांनी त्याच्या हातातली बॅग घेतली, त्याला खुर्चीत बसवलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. मग ते फ्रिजपाशी गेले, लोण्याचा खण उघडला, किल्ली बाहेर काढली, पंच्यानं पुसली आणि खुंटीला लावली.

"ही तुम्ही..." तो म्हणाला.

"नाही रे," बाबा म्हणाले. "सकाळी तू ठेवलीस. दिसली की मी काढून लावतो. कशाला बोलायचं."

ते समोर बसले. त्यांच्या डोळ्यांकडे त्यानं किती दिवसांनी पाहिलं होतं कोण जाणे. ते डोळे अगदी स्वच्छ होते, आणि भेदरलेले होते. इतकी भीती त्यानं त्या डोळ्यांत पूर्वी एकदाच पाहिली होती, आईचा चष्मा तांदळात सापडला त्या दिवशी. आणि आता ते त्याच्याकडे बघत होते. त्याला सगळं एकदम सांगून टाकायचं होतं. तो सांगायला लागला. म्हणाला, बाबा, दुपारी ते आईचं मी मुद्दाम विचारलं, मला माहीत आहे आई नाही, तुम्ही खरंच ऐकताय का ते बघायचं होतं. ते कार्ड आहे ना, ते चार दिवस स्वतःशीच बोलत होतं आणि दिवा हिरवाच होता, पलीकडे कुणी नव्हतंच, तार खिळ्याला टांगलेली होती, तिला टोपी घातलेली होती, ही बघा. आणि त्यानं ती टोपी टेबलावर ठेवली. ठेवताना त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. शब्द न् शब्द खरा होता आणि ऐकायला तो कसा वाटतोय हेही त्याला ऐकू आलं. तो थांबला.

"चाचणी होती, बाबा," तो हळूच म्हणाला. "नुसती चाचणी."

बाबांनी मान हलवली. हात पुढे करून त्याच्या मनगटावर ठेवला.

"हो," ते म्हणाले. "चाचणी होती."

तो आवाज त्याला ओळखीचा होता. पलंगाच्या कडेला बसून काढलेला, मऊ, कुठेही टोक नसलेला. बसमध्ये जे आठवत नव्हतं ते आत्ता, आपसूक, शब्दासकट आठवलं. आई विचारायची, माझी आई जेवली का. आणि बाबा म्हणायचे, जेवली, झोपलीय आता. मनगट सोडवून घ्यावं, ओरडावं, मी शुद्धीवर आहे म्हणून सांगावं, असं सगळं त्याच्या मनात आलं. पण शुद्धीवर नसलेलं माणूसही नेमकं हेच सांगतं, हे त्या घरात दोघांनाही माहीत होतं.

"ताई शनिवारी येतेय," बाबा म्हणाले. "काळजी करू नकोस. ती दर वेळी विचारते तुझं. मी सांगतो, ठणठणीत आहे, रोज बोलतो माझ्याशी."

बाल्कनीतल्या कुंड्यांतून पाणी निथळल्याचा आवाज येत होता. बाबांनी त्याची बॅग जवळ ओढली आणि तिची चेन उघडली.

"दुपारी जेवलास?" त्यांनी विचारलं.

"जेवलो," तो म्हणाला.

बाबांनी बॅगेतून डबा बाहेर काढला. तो सकाळी भरला होता तेवढाच जड होता. झाकण न उघडता त्यांनी तो ओट्यावर ठेवला.

"बरं झालं," ते म्हणाले.